प्रतिज्ञेनंतरचा सुधाकर : ‘एकच प्याला’चे पुनर्वाचन

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी जेमतेम महिनाभर आधी, २३ जानेवारीस, नाटककार सावनेर येथे निवर्तले होते. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू त्यांनी पाहिली नाही. पण मराठी मनावर या नाटकाचा ठसा असा उमटला की मद्यपानाविरुद्ध बोलावयास उभा राहिलेला वक्ता, मग तो सभेतला असो वा व्यासपीठावरचा, सुधाकराचे नाव घेतल्यावाचून सहसा खाली बसत नाही. आपण पाळक-उपदेशक मंडळी त्यास अपवाद नाही. प्रस्तुत लेखकाने हा दाखला प्रवचनांतून किती वेळा दिला असेल याची गणती नाही, आणि आज त्याबद्दल थोडा संकोच वाटतो.

संकोच अशासाठी की आपण हे नाटक अर्धेच वाचतो. बुद्धिमान, मानी वकील, न्यायालयातील अपमान, सनद गेल्याचे दुःख, तळीरामाने पुढे केलेला पेला, आणि मग घसरण. हा क्रम प्रवचनास सोयीचा आहे. पहिला प्याला घेऊ नका, एवढे सांगून आपले काम होते. परंतु ज्याने तो घेऊन कित्येक वर्षे लोटली आहेत असा मनुष्य जेव्हा आपल्या समोरच्या बाकावर बसलेला असतो तेव्हा या उपदेशात त्याच्यासाठी काहीही नसते. त्याच्यासाठी जे आहे ते नाटकाच्या मध्यावर आहे.

मध्यावर सुधाकर दारू सोडतो. ती शपथ ढोंगाची नाही. सिंधूच्या हालांनी तो खरोखर हललेला असतो आणि प्रेक्षकाला क्षणभर वाटते की आता हे घर सावरेल. मग तो काम मागण्यास बाहेर पडतो. कालपर्यंत ओळख सांगणारी प्रतिष्ठित माणसे त्याला झिडकारतात, त्याची टवाळी करतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. तान्ह्या मुलाचा घात, सिंधूवरचा जीवघेणा प्रहार, विष कालवलेला अखेरचा प्याला हे सारे याच्या नंतरचे आहे. म्हणजे या शोकांतिकेचा खरा सांधा पहिल्या प्याल्यापाशी नसून, सोडल्यानंतर घेतलेल्या पहिल्या प्याल्यापाशी आहे. गडकऱ्यांनी ही जागा अचूक हेरली यातच त्यांच्या प्रतिभेची खूण आहे. पण ती जागा त्यांनी पुरती पाहिली का, हा प्रश्न आजच्या वाचकाने विचारला पाहिजे.

प्रथम शरीराचा विचार करू. नाटकात मद्यप्याचे शरीर दिसते ते तळीरामाच्या रुग्णशय्येवर, आणि तेथेही वैद्य व डॉक्टर यांच्या झटापटीतून हशा पिकावा हा मुख्य हेतू. प्रतिज्ञा केलेल्या सुधाकराला मात्र जणू शरीरच नाही. तो शपथ घेतो आणि चालू लागतो. वस्तुतः वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मज्जासंस्थेने मद्याच्या गुंगीविरुद्ध स्वतःला सतत ताणून धरलेले असते. मद्य एकाएकी थांबले की तो ताण मोकळा उसळतो. पहिल्या काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम, मळमळ, निद्रानाश सुरू होतो. सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेल्या आकृती दिसतात, दिवस-रात्रीचे भान सुटते; उपचार न झाल्यास यात मृत्यूही ओढवतो. त्यातच अन्नाची आबाळ झालेली असल्याने थायमिन या जीवनसत्त्वाचा तुटवडा असतो आणि ते वेळीच न दिल्यास स्मृतीला कायमची इजा पोहोचू शकते. हे सर्व औषधाने आटोक्यात येते. यकृतावर केवळ चरबी साचली असेल तर काही आठवड्यांत ते पुष्कळ सुधारते. झोप मात्र कित्येक महिने नीट लागत नाही. आणि रात्री दोन वाजता जागा असलेला मनुष्य हा मोहाच्या दृष्टीने कसा मनुष्य असतो, हे वेगळे सांगावयास नको.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी एका घरात कळले. सीमाभागातील आमच्या लहानशा मंडळीतील एका गृहस्थांकडून मी शनिवारी संध्याकाळी, कुटुंबीयांच्या देखत, शास्त्रावर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ घेवविली. प्रार्थना झाली, सर्वांचे डोळे पाणावले, मी समाधानाने घरी आलो. सोमवारी पहाटे त्यांचा मुलगा दार ठोठावीत आला. वडिलांना दोनदा आकडी आली होती आणि ते भिंतीवरच्या कोणाशी तरी भांडत होते. इस्पितळातील तरुण डॉक्टरीणबाईंनी मला एवढेच विचारले, “पाळकसाहेब, इन्सुलिन घेणाऱ्याला तुम्ही असे एका रात्रीत इन्सुलिन सोडायला सांगाल का?” तुलना शास्त्रीयदृष्ट्या चोख नसेलही, पण मला उत्तर सुचले नाही. पुढे बरे झाल्यावर त्या गृहस्थांना मी हे नाटक वाचावयास दिले. त्यांनी ते परत करताना विचारले की शपथ घेतल्यावर सुधाकर त्या दिवसांत काय खात होता, झोपत होता की नाही, हे कुठे लिहिलेले दिसत नाही. याहून नेमकी टीका या प्रवेशावर मी वाचलेली नाही.

शरीरापेक्षा मन सावकाश बरे होते. लक्ष एकाग्र होत नाही, आठवण दगा देते, आणि जगण्यातली साधी गोडीच कित्येक दिवस हरवलेली असते. मद्याने मिळणाऱ्या तीव्र सुखाला सरावलेल्या मेंदूला सकाळचा चहा किंवा मुलाचे हसणे फिके वाटते. आपण याला कृतघ्नता समजतो. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन येथे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन यांचे चरित्र या संदर्भात वाचण्यासारखे आहे. त्यांना ज्या आध्यात्मिक अनुभवाने पालटले तो त्यांना १९३४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात, मद्य उतरविण्याचे उपचार चालू असताना आला. कृपा आणि औषध एकाच खाटेपाशी उभी होती. त्यानंतर त्यांनी दारूला कधीच स्पर्श केला नाही. तरीही १९४४ पासून दहा-अकरा वर्षे ते खोल खिन्नतेने ग्रासलेले होते. १९५८ साली त्यांनी स्वतःच्याच अनुयायांसाठी लिहिले की दारू सुटणे ही एक गोष्ट आणि भावनांचे स्वास्थ्य ही दुसरी. लक्षावधी लोकांना मार्ग दाखविणाऱ्याला हे कबूल करण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. आपण मात्र सहा आठवड्यांपूर्वी दारू सोडलेल्या बंधूला संजीवन सभेत साक्ष देण्यासाठी उभे करतो. बेथसैदा येथील आंधळ्याला प्रभूच्या पहिल्या स्पर्शानंतर माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. मार्काने हे लपविले नाही, आणि प्रभूनेही त्याबद्दल त्या मनुष्याला दोष दिला नाही. पुन्हा हात ठेवला.

आता सुधाकराच्या अपमानाकडे येऊ. येथे गडकरी आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे आहेत. त्यांनी सुधाकराला मोहाने पाडलेले नाही, लाजेने पाडले आहे. अपमानाचे दुःख विसरण्यासाठी ज्याने प्यावयास सुरुवात केली त्याच्यासमोर, दारूवाचून, उघड्या जखमेनिशी, तोच अपमान पुन्हा उभा केला आहे. मधल्या वर्षांत ते दुःख बरे झालेले नव्हते, बुडवून ठेवलेले होते. व्यसन सोडणाऱ्याच्या भावनिक आरोग्याचे मर्म यात आले आहे: त्याला केवळ दारूवाचून जगावयाचे नसते, तर ज्याच्यापासून पळण्यासाठी दारू घेतली त्याच्यासह जगावयाचे असते. आणि समाज त्या वेळी काय करतो? गरसेकरांच्या प्रदेशातील भूतग्रस्त मनुष्य वस्त्रे नेसून शुद्धीवर बसलेला गावकऱ्यांनी पाहिला तेव्हा त्यांना आनंद झाला असे मार्क लिहीत नाही. ते घाबरले, आणि त्यांनी येशूलाच निघून जाण्याची विनंती केली. थडग्यांत साखळदंड तोडणारा मनुष्य त्यांच्या सवयीचा होता. बरा झालेला मनुष्य नव्हता. सुधाकराला हसणारी सभ्य मंडळी त्याच गावची आहेत. आपल्या मंडळ्यांतही खजिनदाराच्या निवडणुकीत कोणाचे जुने नाव कसे निघते, हे वाचकांना ठाऊक आहे.

गडकऱ्यांचे सामर्थ्य येथवर मान्य केल्यावर त्यांची उणीवही सांगितली पाहिजे, आणि ती भगीरथात आहे. प्रेमभंगाने मद्याकडे वळलेला हा तरुण रामलालच्या उपदेशाने सुधारतो, समाजकार्यास लागतो, पुढे शरदचे प्रेम मिळवितो. याचा अर्थ नाटककाराला व्यसनमुक्ती शक्य वाटत होती; ‘एकच प्याला’ हे निव्वळ निराशेचे नाटक नव्हे. भगीरथाला काम मिळाले आणि सोबत मिळाली, सुधाकराला यांतले काहीच मिळाले नाही, ही तुलना नाटकात अंतर्भूत आहे. मत्तयाने नोंदलेला झाडून, सुशोभित करून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दृष्टान्त येथे आठवतो. भगीरथाचे घर भरले गेले, सुधाकराचे रिकामे राहिले, आणि निघून गेलेला आत्मा सात सोबत्यांसह परतला. तथापि भगीरथाचे परिवर्तन कागदी वाटते. एक भाषण ऐकून व्यसन सुटावे, हा उपदेशकांचा आवडता भ्रम आहे. गडकऱ्यांसारख्या जाणत्यालाही तो आवरला नाही. उलट व्यसनाच्या पायऱ्यांविषयी सुधाकराच्या तोंडी जे भाषण आहे, सोडणे हातातून हळूहळू कसे निसटते याचे, ते रामलालच्या साऱ्या उपदेशाहून खरे आहे. आजाऱ्याला आजार अधिक कळतो, ही गोष्ट नाटककाराच्या लेखणीला कळली होती, त्याच्या योजनेला नव्हती.

सिंधूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडकेच. तिचे मौन, दळण आणि अखेरीस पतीला वाचविण्यासाठी फौजदारासमोर दिलेली खोटी जबानी यांना आपण आदर्श म्हणून मिरविले. पण रुग्णाच्या पत्नीलाही आरोग्याची गरज असते हा विचार नाटकात नाही, आणि आपल्या प्रवचनांतही नाही. पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. अनिल अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात त्या संस्थेची जडणघडण सांगितली आहे. ज्या उपदेशकाने ‘एकच प्याला’ वाचले आहे त्याने त्याच्या शेजारी हे पुस्तक ठेवावे. एकात कोसळण्याचे भव्य चित्र आहे. दुसऱ्यात दिनक्रम, औषधे, गटात बसून बोलणे, पुन्हा पिऊन परत आलेल्याला पुन्हा दाखल करणे, असा नाट्यहीन तपशील आहे. वाङ्मयीन तोल पहिल्याकडे झुकेल यात शंका नाही. पाळकाच्या कपाटात जवळ कोणते असावे, हा निराळा प्रश्न. स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेले फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले, तेव्हा त्यांनी त्या गटसभांना योगासनांची जोड दिली. धर्मगुरूने शरीरापासून सुरुवात करावी, याचे काहींना तेव्हा नवल वाटले असावे.

शेवटी एका प्याल्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भाषेत दोन्ही प्याल्यांना एकच शब्द आहे. १८६९ साली अमेरिकेतील थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने द्राक्षांचा रस न आंबता टिकविण्याची रीत काढली ती प्रभुभोजनासाठीच, आणि आज अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तोच वापरतात. कॅथलिक शिकवणीनुसार केवळ भाकरीच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद संपूर्ण मिळतो; मद्यासक्तीने ग्रस्त धर्मगुरूंना जवळजवळ न आंबलेला रस वापरू देण्याचा अधिकार रोमच्या २००३ च्या पत्राने बिशपांकडे सोपविला. आमच्या मंडळीत अजून जुन्या रीतीचा द्राक्षारस आहे. इस्पितळातून परतलेले ते गृहस्थ प्रभुभोजनाच्या आधी उठून जात. मी ते लाजेचे समजत होतो. त्यांनी सांगितले की दुसऱ्या रांगेपर्यंत वास येतो. मंडळीच्या कमिटीत हा विषय दोनदा निघाला आणि परंपरेच्या नावाने दोनदा पुढे ढकलला गेला. हल्ली ते शेवटच्या बाकावर खिडकीशी बसतात, भाकर घेतात, आणि प्याला जवळ आला की छातीशी हात जोडून तो पुढे जाऊ देतात.