राणीची बाग आणि जिजाऊंचं नाव

मागच्या व्याख्यानात आपण प्लेटोच्या अकादमीपाशी थांबलो होतो. संपल्यावर मागच्या रांगेतून एका मुलानं विचारलं, "सर, अकादमी म्हणजे शाळा की बगीचा?" प्रश्न साधा वाटतो, पण तसा तो नाही. आधी बगीचा होता, शाळा नंतर आली. अथेन्सच्या वेशीबाहेर अकादेमोस नावाच्या पुराणवीराची राई होती. किमॉन या सेनापतीनं त्या कोरड्या जागी पाणी खेळवलं, सावलीच्या वाटा केल्या. प्लेटो तिथं आला तो पुढे. मग इसवी सनापूर्वी ८६ च्या सुमारास रोमन सेनापती सुल्लानं अथेन्सला वेढा घातला. वेढ्याच्या यंत्रांना लाकूड लागलं, म्हणून त्यानं त्या राईतली झाडं तोडली. झाडं गेली, नाव राहिलं. इतकं राहिलं की आज आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करून घेणारा क्लासही स्वतःला अकादमी म्हणवतो.

आजचा विषय याच्या उलट आहे. नाव बदललं आणि झाडं राहिली, अशी एक बाग मुंबईत भायखळ्याला आहे. पाटीवर 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय' असं लिहिलेलं असतं, पण टॅक्सीवाल्याला 'राणीची बाग' म्हणूनच सांगावं लागतं. आपला संबंध उघड आहे. ज्यांचं नाव दिलं त्या जिजाऊ आपल्या सिंदखेडराजाच्या लेक. १२ जानेवारीला आपण हजारोंनी तिथं जमतो, लखुजीराव जाधवांच्या वाड्यात माथा टेकतो. पण त्यांच्या नावाच्या बागेत काय चाललं आहे, हे आपल्यापैकी कुणी विचारलं का? आम्हीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

या बागेशी आमचा पहिला संबंध लहानपणचा. मलकापूरला गाडीत बसून मामाकडे लालबागला गेलो होतो. मामा म्हणाला, "चल, तुला राणीच्या बागेत नेतो." आम्हाला वाटलं, राणी म्हणजे जिजाऊच. बुलढाण्याच्या पोराला दुसरी कुठली राणी माहीत असणार? मामा पोट धरून हसला. त्या वेळी ती कागदोपत्री व्हिक्टोरिया गार्डन्स होती. पुढे महापालिकेनं आमची ती चूकच अधिकृत केली म्हणायची.

इतिहास थोडक्यात सांगतो. शिवडीला कृषी आणि उद्यानविद्येच्या एका मंडळाची बाग होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठी जॉर्ज बर्डवूड यांच्याबरोबर नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी खटपट केली. ते १८७२ ला उघडलं आणि आज भाऊ दाजींच्याच नावानं आहे. १८७३ ला बाग नगरपालिकेकडे आली. प्राणी आले ते त्यानंतर, १८९० च्या सुमारास. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरून आहे. मूळची ती वनस्पतींची बाग. वाघ, हत्ती, माकडं हे नंतरचे भाडेकरू.

आता अथेन्सकडे परत जाऊ. तिथंही एक राणीची बाग आहे. ग्रीसच्या सिंहासनावर बसवलेल्या बव्हेरियाच्या ऑटोची राणी अमालिया, हीसुद्धा जर्मन. तिनं राजवाड्यालगत साडेपंधरा हेक्टरची बाग वसवली, परदेशातून रोपं मागवली. ऑक्टोबर १८६२ मध्ये ग्रीकांनी ऑटोला पदच्युत केलं आणि राजाराणी देश सोडून गेले. जेमतेम महिन्यानं भायखळ्याला दुसऱ्या एका राणीच्या नावानं बागेचं दार उघडत होतं. योगायोग आहे, त्यातून नियम काढू नका. पण पुढचं पाहा. ग्रीकांनी त्या बागेला 'राष्ट्रीय उद्यान' म्हटलं, शेजारच्या रस्त्याला मात्र अमालियाचंच नाव ठेवलं, आणि आत जायला आजही तिकीट नाही. तिथं नाव आणि व्यवहार दोन्ही बदलले.

आपल्याकडे काय झालं? नाव बदललं, ते योग्यच झालं. दूरच्या सम्राज्ञीपेक्षा स्वराज्याच्या मातेचं नाव शंभर वेळा चांगलं. पण नाव बदलणं हे वचन असतं. 'आता ही बाग आमची' असं त्यातून म्हणायचं असतं. मग हे 'आमची' म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतो, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला तो सोडता येत नाही.

बागेतले पुतळे या बाबतीत फार बोलके आहेत. १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, तो फोर्टातून उचलून इथं आणला. संग्रहालयाच्या आवारात दुसरे साहेबलोकही आहेत. आणि तिथंच खुद्द व्हिक्टोरिया बसली आहे, पूर्वीच्या छत्रीवाचून. दामोदर चापेकरांनी १८९६ मध्ये डांबर फासलं होतं तोच तो पुतळा. म्हणजे बागेवरून राणीचं नाव काढलं आणि राणी मात्र आत राहायला आली! घारापुरीचा दगडी हत्तीही तिथंच उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले होते. उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले, म्हणून तो इथं राहिला. नको असलेलं आणि नेता न आलेलं, दोन्ही ठेवण्याची जागा म्हणजे ही बाग. आम्हाला यात अपमान दिसत नाही. इतिहास फोडून टाकण्यापेक्षा त्याला झाडाखाली बसवणं बरं.

खरी टीका करायची आहे ती वेगळ्या ठिकाणी. २००७ नंतर तिथं परदेशी धर्तीचं मोठं प्राणिसंग्रहालय करायचा आराखडा आला. त्यात जुनी बाग झाकोळली जाणार होती. तेव्हा काही नागरिक, विशेषतः स्त्रिया, उठल्या. त्यांनी झाडं मोजली, जाती नोंदवल्या, अर्ज केले, आणि वारसा समितीनं तो आराखडा त्या रूपात मान्य केला नाही. शेकडो जातींची हजारो झाडं, गोरखचिंचेसारखी आफ्रिकेची, उर्वशीसारखी ब्रह्मदेशाची, त्यामुळे वाचली. जिजाऊंच्या नावाला साजेसं काम त्या बायांनी केलं, असं आम्ही म्हणू.

नंतर जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये मेला. मार्च २०१७ मध्ये उरलेले लोकांना दाखवायला सुरुवात झाली आणि ऑगस्टपासून बागेचं तिकीट मोठ्या माणसाला पाच रुपयांचं पन्नास झालं. चौघांच्या कुटुंबाला शंभर.

कुणी म्हणेल, सर, पन्नास रुपयांचं काय घेऊन बसलात, चहा-वडापावला जातात. शिवाय जुने पिंजरे अरुंद होते, जनावरांचे हाल होते, सुधारणेला पैसा लागतो. हे सगळं खरं आहे. जुने पिंजरे पाहून आम्हालाही वाईट वाटलं होतं. पण पाच आणि पन्नास यांतला फरक फक्त रकमेचा नाही. पाच रुपयांत माणूस बसायला जातो. पन्नास रुपयांत तो बघायला जातो. बसणाऱ्याला वेळ मोजावी लागत नाही, बघणाऱ्याला दिलेले पैसे वसूल करायचे असतात. भायखळा, लालबाग, परळ हा गिरण्यांचा मुलूख. दहा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन कुटुंबं राहायची. मामाच्या चाळीतल्या लोकांना ही बाग म्हणजे घराची बाहेरची खोली होती. मुलं पळायची, बाया जरा टेकायच्या, म्हातारे पेपर वाचायचे. बाहेरच्या खोलीत जायला कुणी पन्नास रुपये देतो काय?

आमची सूचना अगदी साधी आहे. पेंग्विन बघायचे त्यानं पेंग्विनचं तिकीट काढावं, बागेत बसायचं त्याला जुन्या दरात बसू द्यावं. शेजारच्या संग्रहालयाचं तिकीट वेगळं आहेच, मग हेही जमेल. पैशाचा हिशोब पक्षिगृहाच्या दारात करा, झाडाच्या सावलीत नको.

इथं 'आज्ञापत्रा'ची आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांचं ते. आरमाराला लाकूड हवंच, पण रयतेची आंबा-फणसाची झाडं बळजबरीनं तोडू नयेत, कारण ती लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. गरज राज्याची, तीही आरमाराची, तरी झाडामागचा माणूस दिसतो. सुल्लाला तो दिसला नव्हता. जिजाऊंच्या घरातून निघालेली राज्यनीती ही अशी आहे. नाव त्यांचं द्यायचं तर मोजमापही तिथलं घ्यायला हवं, आणि हे मुंबईला सांगायचा अधिकार बुलढाण्याला आहे असं आम्हाला वाटतं. सिंदखेडराजाचा मोतीतलाव, पुतळाबारव आपण कसे ठेवलेत, हे मुंबईनं उलट विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवून ठेवा. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल.

आता प्रश्न घेऊ. पण त्याआधी एक काम देतो. पुढच्या वेळी मुंबईला गेलात तर या बागेत जा, आणि पेंग्विनच्या रांगेत लागण्याआधी रखवालदाराला गोरखचिंच कुठे आहे ते विचारा. त्याला माहीत होतं का, आणि तिच्याखाली बसायला बाक होता का, एवढं आम्हाला कळवा.