पाण्याखालचीं छायाचित्रें

मालवणच्या समुद्रांत बुडी मारून घेतलेलीं कांहीं छायाचित्रें एका माजी विद्यार्थ्यानें नुकतींच आम्हांस दाखविलीं. समुद्रापासून शेंकडों मैल दूर, कारंजा लाड येथें बसून त्यांवर टीका करणें हें धाडसच खरें. परंतु चित्राची परीक्षा करण्यास पोहतां आलेंच पाहिजे असें नाहीं.

बहुतेक चित्रें हिरवट, धूसर व ठिपक्यांनीं भरलेलीं आहेत. दोष यंत्राचा नव्हे. पाणी तांबडा रंग सर्वांआधीं शोषून घेतें. भिंगालगतच्या दिव्याचा प्रकाश गढूळ कणांवरून परत येतो. आणि वस्तु आहे त्याहून सुमारें पाव अंतरानें जवळ भासते. उपाय सोपा दिसतो : हातभर अंतरावर जावें व दिवा बाजूस धरावा. पण जवळ जातांना प्रवाळास पाय लागला तर? मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं घोषित झालें, तें त्या जिवांच्या रक्षणासाठीं. आपल्या चित्रसंग्रहासाठीं नव्हे. म्हणून ज्यास पाण्यांत स्थिर तरंगतां येत नाहीं, त्या नवशिक्यानें कॅमेरा किनाऱ्यावरच ठेवावा.

राहिला रंगाचा प्रश्न. दिव्यानें उजळलेला तांबडा रंग खरा, कीं डोळ्यांस दिसलेला निळसर? आमच्या मतें दोन्ही खरे. घरीं संगणकावर मागाहून चढविलेला भडकपणा मात्र खोटा.

एका चित्रांत लहानसा मासा खडकाच्या कपारीशीं निर्धास्त थांबला आहे. त्याला कोणाची चाहूलही लागलेली दिसत नाहीं. तेंच चित्र आम्हांस सर्वांत सरस वाटलें.