व्हर्जिनियांतील दास्य व स्वातंत्र्य : एका ग्रंथाचें परीक्षण

सतराव्या शतकांत इंग्लंडांतून अमेरिकेंतील वसाहतींत मजुरीस जाणाऱ्या माणसाच्या कराराची मूळ पद्धत जुन्या कागदांच्या संग्राहकांस मनोरंजक वाटेल. एकाच कागदावर करार दोनदां लिहीत, मधोमध दांतेरी रेघेनें तो कागद कापीत आणि एक तुकडा धन्यास व दुसरा मजुरास देत. पुढें तंटा पडल्यास तुकडे जुळवावयाचे. दांतांत दांत बसले कीं कागद खरा. 'इंडेंचर' हें नांव यावरूनच पडलें, व त्याच्या मुळाशीं असलेला लॅटिन 'डेन्स' हा आपल्या 'दन्त' शब्दाचा सगोत्र होय. १८३४ नंतर आपल्या देशांतून मॉरिशसला जे मजूर गेले, व ज्यांत मराठी माणसेंही होतीं, त्यांचे करार याच कुळांतले. ह्या तुकड्याचें महत्त्व पुढें ध्यानांत येईल.

एडमंड मॉर्गन यांचा 'अमेरिकन स्लेव्हरी, अमेरिकन फ्रीडम' हा ग्रंथ १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन, जेफरसन यांसारखे स्वातंत्र्याचे उद्गाते शेंकडों गुलामांचे धनी कसे, हा त्याचा विषय. इतर लेखक ही गोष्ट विसंगति म्हणून सोडून देतात. मॉर्गन यांचें म्हणणें असें कीं, व्हर्जिनियांत या दोन गोष्टी एकमेकींच्या आधारानेंच वाढल्या. प्रारंभीं वसाहतींत माणसें इतकीं मरत कीं, जन्माचा गुलाम घेण्यापेक्षां थोड्या वर्षांच्या कराराचा इंग्रज मजूर तंबाखूच्या मळेवाल्यांस स्वस्त पडे. मृत्युमान घटलें तेव्हां हा हिशेब उलटला. मुदत संपलेल्या, जमीन नसलेल्या व हातीं बंदूक असलेल्या मजुरांची संख्या वाढली. १६७६ मध्यें नॅथॅनिअल बेकनच्या बंडांत त्यांचा क्षोभ प्रकट झाला व जेम्सटाउन जळालें. पुढें आफ्रिकन गुलाम जसजसे वाढले, तसतसे गरीब गोरे श्रीमंतांच्या पंक्तीस बसूं लागले.

या सिद्धांतास १७०५ च्या कायद्याइतका भक्कम आधार दुसरा नाहीं. मुदत संपलेल्या मजुरास दहा बुशेल मका, तीस शिलिंग व निदान वीस शिलिंग किंमतीची बंदूक द्यावी, असें तो सांगतो. आणि तोच कायदा गुलामानें शस्त्र बाळगूं नये असें बजावून, त्याचीं गुरें जप्त करून तें उत्पन्न परगण्यांतील गरिबांस द्यावयास लावतो. एकाच्या हातीं बंदूक, दुसऱ्याच्या हातून गाय! ग्रंथकर्त्यांच्या मर्मदृष्टीस याहून निराळी साक्ष नको.

आमचा आक्षेप बंडाला मिळणाऱ्या स्थानावर आहे. गुलामगिरी आणण्याचा कट कोणी जाणूनबुजून केला असें मॉर्गन म्हणत नाहींत. परंतु ग्रंथाची रचनाच अशी आहे कीं, १६७६ ही दास्याची जन्मतिथि होय, असा वाचकाचा ग्रह होतो. कागदांचा क्रम तसा नाहीं. १६४० मध्यें तीन मजूर मेरीलंडांत पळाले. पकडल्यावर डच व स्कॉच अशा दोघांची मुदत एकूण चार वर्षांनीं वाढली. जॉन पंच नांवाच्या आफ्रिकन मनुष्यास मात्र जन्मभर सेवेची शिक्षा झाली. १६६२ च्या कायद्यानें मूल आईच्या स्थितीस अनुसरेल असें ठरलें. इंग्रजी रूढि पित्याकडे पाहणारी, ती येथें उलटली. बाप्तिस्म्यानें दास्य सुटत नाहीं हें १६६७ मध्यें, आणि प्रतिकार करणारा गुलाम धन्याच्या मारानें मेल्यास तो खून नव्हे, कारण स्वतःची मालमत्ता कोण द्वेषानें नष्ट करील, हें १६६९ मध्यें ठरलें. मनूनें दासांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्या परिभाषेंत बोलावयाचें तर दण्डदास व गृहज हे दोन प्रकार बंडापूर्वींच व्हर्जिनियाच्या दप्तरीं दाखल झाले होते. उरला ध्वजाहृत, म्हणजे युद्धांत जिंकलेला. तो बंडानेंच पुरविला.

१६७६ च्या जून महिन्यांत बेकनच्या पक्षाचें वर्चस्व असलेली सभा भरली. सामान्यांच्या तक्रारी दूर करणारे म्हणून तिचे कायदे वाखाणले जातात. त्यांतील पहिलाच कायदा युद्धांत धरलेले मूळ रहिवासी जन्माचे गुलाम समजावे, असें म्हणतो. बेकननें लढाई केली तीही इंग्रजांशीं सलोख्यानें वागणाऱ्या ओकानीची व पामंकी लोकांशीं. बंड मोडलें, त्या सभेचे कायदे रद्द झाले. परंतु पुढील वर्षीं भरलेल्या सभेनें असे कैदी शिपायांकडेच राहूं दिले. दोन्ही पक्षांचें एकमत झालें तें एवढ्यावर! मॉर्गन यांनीं हें टाळलेलें नाहीं; मात्र हा कायदा ग्रंथाच्या केंद्रस्थानीं असावयास हवा होता. त्यांच्या सिद्धांतास तो अधिक बळकटी देतो.

दुसरा मुद्दा साक्षीचा. काळे-गोरे एकत्र लढल्याचा जो पुरावा वारंवार दिला जातो, तो कॅप्टन थॉमस ग्रँथम याचा. त्याचा वृत्तांत लाँगलीट येथील कॉव्हेंट्रीच्या कागदांत आहे. शेवटीं ऐशीं आफ्रिकन व वीस इंग्रज शस्त्रें खालीं ठेवीनात; त्यानें त्यांना थापा देऊन गलबतावर चढविलें, तोफांच्या माऱ्याखालीं आणलें व धन्यांच्या स्वाधीन केलें. आपली फसवणूक जो स्वतःच फुशारकीनें सांगतो, त्याचा आंकडा घ्यावा. पण त्या शंभरांचें मन त्याच्याकडून घेऊं नये. बेकननें मुक्तीचें आश्वासन दिलें होतें. त्यावर विसंबून तीं माणसें उभीं राहिलीं, एवढेंच सिद्ध होतें.

हे सर्व कायदे आज वाचतां येतात ते विल्यम हेनिंग यानें १८०९ पासून १८२३ पर्यंत तेरा खंडांत छापले म्हणून. आणि त्यास लागलेल्या हस्तलिखितांतील पुष्कळशीं जेफरसननें जपून ठेविलेलीं होतीं. सर्वोच्च न्यायसभेचें दप्तर १८६५ मध्यें रिचमंडच्या आगींत गेलें. संग्राहकाचे हे उपकार थोर खरे, तथापि त्यानें जपलें तें धन्याकडील कागद. करारी मजुराजवळ निदान दांतेरी तुकडा असे. त्यावर मुदत लिहिलेली असे, आणि न्यायसभेपुढें तो धन्याच्या तुकड्याशीं जुळवितां येई. गुलामाच्या बाबतींत कागद कापलाच गेला नाहीं. दास्याचे प्रकार पुष्कळ असतील. सेवक व गुलाम यांतील भेद मात्र आमच्या मतें येथेंच आहे, आणि मॉर्गन यांचा ग्रंथ संग्रहीं ठेवणाऱ्यानें तो हेनिंगच्या खंडांशेजारीं, सालवार लावून वाचावा.