कच्चे मडके आणि दामाजींची पावती

मल्हारगंजातल्या आमच्या घरी श्रावणात महिपतींची ‘भक्तविजय’ पोथी लागत असे. दामाजीपंतांची कथा चालू असता एकदा घरातल्या लहानग्याने विचारले, “आजी, पर ये तो चोरी हुई ना?” हिंदी शाळेत शिकणाऱ्या पोराचा तो प्रश्न खरे तर समीक्षकाचा होता.

दुष्काळात मंगळवेढ्याचे कोठार दामाजींनी भुकेल्यांसाठी उघडले. हेतू थोर, पण धान्य बेदरच्या बादशहाचे. महिपती ही अडचण झाकत नाहीत. त्यांचा विठ्ठल ‘एवढे चालायचेच’ म्हणून हिशेब पुसत नाही. विठू महाराच्या वेषात दरबारी जाऊन तो पैसे भरतो आणि पावती घेतो.

नामदेवांच्या कथेतही हेच सूत्र आहे. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि रुसलेल्या नामदेवांना कच्चे मडके ठरवले. देव आपल्याशी बोलतो, एवढ्यावरच त्यांची श्रद्धा थांबली होती. तक्रार घेऊन ते पंढरीस गेले. विठ्ठलाने त्यांना झिडकारले नाही, पण पाठही थोपटली नाही. विसोबा खेचरांकडे धाडले. हा गुरू तरी कोण? ज्ञानदेवादी भावंडांना एकेकाळी छळणारा! तोही देवाने टाकून दिला नव्हता.

१७६२ साली पूर्ण झालेल्या या ग्रंथात देवाची सहनशीलता अशी कामाला लागलेली दिसते. ती चूक नाकारत नाही. कच्चे असेल ते भाजते, देणे असेल ते फेडते. भक्तांचे दोष गाळले असते, तर हा देव आपल्याला दिसलाच नसता.

उणीवही सांगायला हवी. चमत्कार घडतो आणि विसोबा पालटतात; त्यांच्या मनातली उलथापालथ महिपती दाखवत नाहीत. आजच्या वाचकाला नेमकी तीच हवी असते.

तरीही आपल्यासारख्या दोन भाषांत वाढणाऱ्या घरांनी ही पोथी पुन्हा उघडावी. कच्च्या ठरलेल्या त्याच नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. परमुलखात ती आजही गायिली जातात.

आजीने त्या दिवशी पोथीवरून नजर न उचलता उत्तर दिले होते, “चोरीच रे बाळा. म्हणून तर देवाला पैसे भरावे लागले.”