आवडता अल्बम, आणि तो कशावर ऐकला

रेगे ऐकणाऱ्या कुणालाही आवडता अल्बम विचारला की बहुधा ‘लेजंड’ हेच नाव पुढे येतं. गंमत अशी की हा बॉब मार्लेने केलेला अल्बमच नाही. मार्ले ११ मे १९८१ रोजी गेला आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९८४मध्ये, आयलंड कंपनीने त्याच्या गाण्यांचा हा संग्रह बाजारात आणला. निवड कंपनीच्या डेव्ह रॉबिन्सनची. गोऱ्या मध्यमवर्गीय घरांत मार्ले कसा खपेल याचा अंदाज घेऊन ती केलेली होती. त्यामुळे प्रेमाची, दिलाशाची गाणी भरभरून आली आणि चिडलेला, गुलामीचा हिशेब मागणारा मार्ले बराचसा दाराबाहेर राहिला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा संग्रह आठशेहून अधिक आठवडे टिकून आहे. लाखो लोकांचं रेगे इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

‘लेजंड’ आवडणाऱ्यांना नाकं मुरडण्याचा माझा विचार नाही. पण रेगे, स्का-पंक आणि डबस्टेप या तिन्ही प्रकारांबद्दल श्रोत्यांची मतं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. यांतलं काहीच मुळात अल्बमसाठी जन्मलेलं नाही. एक रस्त्यावरच्या स्पीकरसाठी, दुसरं घामाने थबथबलेल्या छोट्या सभागृहासाठी, तिसरं अंधाऱ्या क्लबसाठी. श्रोता जेव्हा ‘माझा सर्वांत आवडता’ म्हणून एखादं नाव सांगतो, तेव्हा तो संगीताइतकंच आपल्या ऐकण्याच्या जागेबद्दलही सांगत असतो.

जमैकाच्या किंग्स्टनमध्ये १९५०च्या दशकात गरीब वस्त्यांतल्या माणसाला नाचायला संगीत मिळायचं ते साउंड सिस्टीमवर. ट्रकमधून आणलेले कपाटाएवढे स्पीकर, ॲम्प्लिफायर, तबकड्यांची पेटी. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे दोन बडे मालक एकमेकांची गर्दी पळवायला टपलेले. आपल्याकडे मिरवणुकीत समोरासमोर ठाकलेल्या डीजेच्या भिंती ज्यांनी अनुभवल्या आहेत त्यांना ही चुरस वेगळी समजावून सांगायला नको. दुसऱ्याकडे नसलेलं गाणं आपल्याकडे हवं, म्हणून हे मालक स्वतःच रेकॉर्डिंग करू लागले, आणि ६ ऑगस्ट १९६२ला देश स्वतंत्र झाला त्या सुमारास रेगेच्या आधीचा स्का तिथे जोरात होता. चलन होतं ते दोन बाजूंच्या छोट्या तबकडीचं. अल्बम ही परदेशी गिऱ्हाइकाची गरज होती.

ती गरज कशी भागवली गेली ते ‘कॅच अ फायर’मध्ये नीट ऐकू येतं. १९७२मध्ये लंडनमध्ये अडकून पडलेल्या मार्लेच्या वेलर्स या गटाला आयलंडच्या ख्रिस ब्लॅकवेलने चार हजार पौंड दिले. त्यांनी किंग्स्टनला जाऊन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि टेप लंडनला आणून दिल्या. तिथे ब्लॅकवेलने अलाबामाच्या वेन पर्किन्सकडून गिटार आणि जॉन बंड्रिककडून कीबोर्ड वरून चढवून घेतले. ‘काँक्रीट जंगल’मध्ये मध्यावर जो रडवा, लांबलचक गिटार येतो तो पर्किन्सचा. रॉक ऐकणाऱ्या कानाला धरायला दोर मिळावा म्हणूनच तो तिथे आहे. १९७३ला निघालेल्या पहिल्या वीस हजार प्रतींचं वेष्टन सिगारेट लायटरसारखं वर उघडायचं. जमैकात झालेलं मूळ मिश्रण २००१मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून श्रोत्यांत सरळ दोन तट आहेत. मूळ मिश्रणात बेस आणि ड्रम उघडे आहेत, वेलर्सच्या तिघा गायकांचे आवाज जवळ आहेत, चाल थोडी जड आहे. मी त्या तटातला. तरी एक कबूल करायला हवं की लंडनचं मिश्रण फसवणूक नव्हे. मार्ले स्वतः त्या वेळी तिथे होता आणि त्याला जगभर पोचायचंच होतं.

खरी मौज मात्र त्या मंडळींच्या आवडीत आहे, जी मार्लेच्या पलीकडे गेली. त्यांच्याकडून हमखास ऐकू येणारं नाव ‘हार्ट ऑफ द काँगोज’. ली पेरीने १९७७मध्ये घरामागच्या ब्लॅक आर्क स्टुडिओत तो केला. साधं चार ट्रॅकचं टेप यंत्र. जागा संपली की आधीचे ट्रॅक एकत्र करून पुन्हा टेपवर उतरवायचे, आणि प्रत्येक वेळी थोडी खरखर, थोडी धूळ वाढत जायची. पेरीने ती धूळ लपवली नाही, वापरली. सेड्रिक मायटनचा बारीक, वर चढणारा आवाज त्या धुक्यातून येतो, खाली रॉयडेल जॉन्सन, आणि मध्येच कुठून तरी गाय हंबरल्यासारखा आवाज. पहिल्यांदा ऐकणारा हेडफोन काढून खिडकीबाहेर बघतो. आयलंडने हा अल्बम जगभर काढलाच नाही. १९९६मध्ये मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर कंपनीने तो नव्याने आणला, तेव्हा कुठे तो सर्वांच्या तोंडी झाला. म्हणजे आज अनेकजण ज्याला रेगेचा शिखरग्रंथ मानतात तो जवळजवळ दोन दशकं बहुतेकांनी ऐकलेलाच नव्हता.

त्याच्या शेजारी ऑगस्टस पाब्लोचा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ ठेवायला हवा. किंग टबी मूळचा रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. तयार गाण्यातून गायकाला उचलून बाजूला ठेवायचं, एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा, गिटार क्षणभर आणून पुन्हा गडप करायची, आणि बेस-ड्रमला मोकळं रान द्यायचं, हा डबचा धंदा त्याने मिक्सरच्या दांड्या सरकवत उभा केला. पाब्लोचा मेलोडिका, म्हणजे शाळेतल्या मुलांचं फुंकून वाजवायचं खेळणं, त्यात एखाद्या अनोळखी मुलखातल्या वाद्यासारखा वाटतो.

या यादीत बायका कुठे आहेत, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारत नाही. मार्लेच्या मागे गाणाऱ्या तिघींपैकी ज्यूडी मोवॅटचा ‘ब्लॅक वूमन’ सत्तरचं दशक संपताना आला. माझ्या मते तो त्या काळातल्या कुठल्याही गाजलेल्या अल्बमच्या तोडीचा आहे. आवडीच्या याद्यांत तो क्वचित दिसतो. श्रोत्यांचा हा सगळ्यांत मोठा गुन्हा. आणि १९८५नंतरचं डान्सहॉल तर अल्बमच्या मापात बसतच नाही. वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणं कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या तयार तालावर उभं आहे. त्याच तालावर मग शेकडो गायकांनी आपापली गाणी केली. आता यात आवडता अल्बम कुठला सांगणार?

स्काचा दुसरा जन्म इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. १९७९मध्ये जेरी डॅमर्सच्या टू टोन कंपनीतून ‘द स्पेशल्स’ आला. एल्व्हिस कॉस्टेलोने तो निर्मिला. काळे-गोरे वादक एकाच मंचावर, बाहेर वंशवादी नॅशनल फ्रंटचे मोर्चे. या अल्बमवर ट्रॉम्बोन वाजवणारा रिको रॉड्रिगेझ किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलचा विद्यार्थी. नन्सनी चालवलेली ही शाळा अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांची. स्काटलाइट्स या गटाचे डॉन ड्रमंड, टॉमी मकूक तिथलेच. इंग्लिश पोरांच्या पंकी घाईत रिकोचा ट्रॉम्बोन सावकाश, वयस्क माणसासारखा बोलतो. तो काढून टाकला तर अर्धा अल्बम कोसळेल.

अमेरिकेत हे संगीत गेलं आणि ट्रॉम्बोनचा विनोद झाला. अपवाद ‘ऑपरेशन आयव्ही’. बर्कलीच्या गिलमन स्ट्रीटवर वाढलेला हा गट दोन वर्षंच टिकला. १९८९ला ‘एनर्जी’ निघाला आणि गट मोडला. ध्वनिमुद्रण ओबडधोबड, गायक धापा टाकतो, आणि तरी स्का-पंकमधली ही सर्वांत प्रामाणिक तबकडी. १९९०च्या दशकाच्या मध्यावर मग बाजार आला: सब्लाइमचा शेवटचा अल्बम, जो गायक ब्रॅडली नोवेलच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी निघाला, रॅन्सिड, रील बिग फिश, लेस दॅन जेक. ज्यांनी १९९९चा टोनी हॉकचा स्केटबोर्डचा व्हिडिओ गेम खेळला त्यांच्या डोक्यात गोल्डफिंगरचं ‘सुपरमॅन’ कायमचं बसलं आहे. त्यांना हे अल्बम का आवडतात विचारा. संगीताबद्दल कमी आणि पंधराव्या वर्षाबद्दल जास्त बोलतील. त्यात वाईट काही नाही, पण ती समीक्षा नव्हे. लॉस एंजेलिसच्या फिशबोन या काळ्या वादकांच्या गटाने हे सगळं आधीच आणि अधिक ताकदीने केलं होतं, हे त्या आठवणींत सहसा येत नाही.

डबस्टेपच्या श्रोत्यांत भांडण सर्वांत कडवं. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या बिग ॲपल या तबकड्यांच्या दुकानाभोवती स्क्रीम, बेंगा ही पोरं जमली. पुढे ब्रिक्स्टनच्या सेंट मॅथ्यूज चर्चच्या इमारतीतल्या क्लबात माला, कोकी आणि लोफा यांनी २००५पासून डीएमझेडच्या रात्री भरवल्या. मिनिटाला १४० ठोके, पण अंगाला जाणवते ती निम्मी गती. नवं गाणं मऊ लाखेच्या डबप्लेटवर कापून आणायचं, काही डझन वेळा वाजलं की ती झिजायची. ही रीत थेट किंग्स्टनची. अशा संगीताचा सर्वांत लाडका अल्बम कोणता? बेरियलचा ‘अनट्रू’, २००७चा. साउंड फोर्ज या साध्या ध्वनी-संपादकावर, ठोके डोळ्यांच्या अंदाजाने मांडत केलेला, पावसाच्या आणि तबकडीच्या चरचरीत भिजलेला, कुणाच्या तरी गाण्याचे तुकडे वर-खाली खेचून आवाज बाईचा की पुरुषाचा हेही कळू नये अशी अवस्था आणलेला. नाचायला निरुपयोगी. रात्रीच्या बसमध्ये कानात ऐकायला मात्र याच्या जवळपास जाणारं त्या दशकात दुसरं काही नाही. उत्तम अल्बम आणि डबस्टेपचा उत्तम नमुना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी मालाचा ‘रिटर्न टू स्पेस’ ऐकावा: तीन तबकड्या, सहा तुकडे, भरती काहीच नाही. मग २०१०ला स्क्रिलेक्स आला आणि बेस पोटातून निघून दातांत गेला. जुनी मंडळी अजून चिडलेली आहेत. मला तो चिडण्याइतका महत्त्वाचा वाटत नाही.

आणखी एक साधी अडचण. या बेसचा गाभा ४०-५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलचा स्पीकर तिथवर पोचतच नाही. ‘डबस्टेपमध्ये काही घडतच नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी डबस्टेप ऐकलेलंच नसतं.

भारतात हे धागे आले ते वेगवेगळ्या वाटांनी. बर्मिंगहॅमच्या अपाचे इंडियनचा ‘नो रिझर्व्हेशन्स’ १९९३चा. त्याच्या पंजाबी-जमैकन बोलीवर आपल्याकडची एक पिढी नाचली. दिल्लीच्या स्का व्हेंजर्सनी स्काला राजकीय जीभ परत दिली. त्यांच्यातल्या दिल्ली सल्तनतने लोकवर्गणीतून जमैकन धर्तीची साउंड सिस्टीम उभारली, आणि २०१६पासून गोव्यात सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव सुरू झाला. न्यूक्लियाच्या ‘बास रानी’ने २०१५मध्ये डबस्टेपचा बेस आणि मिरवणुकीचा ठेका एकत्र आणला. त्यात डब किती आणि दणदणाट किती, यावर वाद घालता येईल. माझं मत दणदणाटाकडे झुकतं.

आज या तिन्ही प्रकारांची तब्येत कशी आहे? रेगे २०१८मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. अशा यादीत जाणं ही काही तरुणपणाची खूण नव्हे. ग्रॅमीच्या रेगे पुरस्काराने २०२०मध्ये एकोणीस वर्षांच्या कॉफी या गायिकेला गौरवलं तेव्हा आशा वाटली होती. २०२२ला तोच पुरस्कार व्हर्जिनियाच्या सोजा या गटाला गेला आणि जमैकात नाराजी उसळली. २०२५ला तो मिळाला मार्लेवरच्या चित्रपटासाठी इतरांनी गायलेल्या मार्लेच्याच गाण्यांना. मेलेल्या माणसाच्या सावलीतून हा पुरस्कार त्या वर्षीही काही बाहेर आला नाही. डबस्टेप पुन्हा छोट्या क्लबांत, तबकड्यांच्या छोट्या आवृत्त्यांत परतलं आहे आणि तिथे सुखी दिसतं. आणि ज्याची सर्वांत जास्त टिंगल झाली त्या स्का-पंकमध्ये सध्या सर्वांत जास्त जीव आहे. जेफ रोझेनस्टॉकने २०२१मध्ये आपला आधीचा पंक अल्बम अख्खाच्या अख्खा स्कामध्ये पुन्हा वाजवला, ‘स्का ड्रीम’ नावाने. बॅड टाइम रेकॉर्ड्सभोवती नवे गट जमले आहेत, आणि त्यांतल्या जेरचा २०२२चा ‘बॉदर्ड / अनबॉदर्ड’ मी गेल्या काही वर्षांतल्या स्कातला सर्वांत चांगला अल्बम मानतो. त्यात ट्रॉम्बोन विनोदासाठी नाही, पुन्हा बोलण्यासाठी वाजतो.