झाकणाचा पंखा

आमच्या गल्लीतल्या काकांनी शेजाऱ्यांच्या गवत कापायच्या ट्रॅक्टरला दोन भाग घरी बनवून बसवले. एक पंखा आणि एक बुश. दोन्ही मिळून एका ताटलीत मावतील एवढेच. पण चांगल्या कवितेत दर वाचनाला नवी जागा सापडते, तसं या दोन वस्तूंचं झालं आहे. म्हणून हे रसग्रहण.

आधी यंत्राविषयी. शेजाऱ्यांचं नागोलच्या पुढे लग्नाचं फंक्शन गार्डन आहे. हैदराबादच्या मलकपेठेत राहून रोज रेसकोर्सची हिरवळ पाहणाऱ्या माणसाला आपलंही गवत तसंच दिसावं असं वाटलं, तर नवल नाही. त्यांनी वापरलेला, परदेशी बनावटीचा, वर बसून चालवायचा ट्रॅक्टर घेतला. त्याला क्लच नाही, गिअर बदलणं नाही. इंजिन पट्ट्यानं एक पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल मोटर फिरवतं आणि मोटर चाकं. पंपाच्या आत एक तिरकी तबकडी असते. पेडल दाबलं की ती कलते. जितकी कलेल तितकं तेल जास्त. उभी राहिली की गाडी उभी, उलटी कलली की गाडी मागे. याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत विल्यम्स आणि जेनी यांनी ही युक्ती युद्धनौकेवरच्या तोफा अलगद फिरवण्यासाठी वापरात आणली. 1965 साली कब कॅडेट 123 या बागेच्या ट्रॅक्टरमध्ये ती आली. तोफेसाठी जन्मलेली यंत्रणा गवतात येऊन रमली. आमच्या भागाला हे शोभतं. मूसारामबाग हे नाव ज्याच्यावरून पडलं तो फ्रेंच सरदार रेमंड निजामासाठी तोफा ओतत असे. 1798 साली तो वारला. त्याची कबर इथूनच जवळ, आस्मानगढच्या टेकडीवर आहे.

तर हा ट्रॅक्टर ट्रॉली ऑटोत घालून एका संध्याकाळी गल्लीत उतरवला गेला.

"काका, पंप गया बोलरे सब," शेजारी म्हणाले.

"पैले देखने देव. कब रुकता, वो बोलो."

"सुबू अच्छा चलता. आधे घंटे के बाद चढ पे नै चढता."

माझ्या मते दुरुस्ती इथेच निम्मी झाली. बाकीच्यांनी 'काय मोडलं' असं विचारलं होतं, काकांनी 'कधी' असं विचारलं. पंप पुरता गेला असता तर गाडी सकाळीही रडली असती. थंड असताना चालते आणि तापल्यावर दमते, म्हणजे आधी तापणं तपासायला हवं. तेल तापलं की पातळ होतं, पंपातल्या दट्ट्यांच्या केसाहून बारीक फटींतून निसटतं, आणि चाकांपर्यंत जोर पोचत नाही. मग पुढचा प्रश्न: तेल थंड कोण ठेवतं? काकांनी सीट उचलली, विजेरी मारली. पंपाच्या शाफ्टवर, पुलीच्या डोक्यावर, प्लॅस्टिकचा पंखा होता. त्याचं एक पातं तेवढं शाबूत होतं. बाकीच्यांची खुंटं उरली होती. पंपाच्या ॲल्युमिनियमच्या खाचांत वाळलेलं गवत थापलं गेलं होतं.

नवा पंखा मागवता आला असता. पण लग्नाच्या तारखा तोंडावर होत्या, आणि भाग यायला किती दिवस लागतील ते दुकानदारालाही सांगता येईना. काका 1943 साली सिकंदराबादेत सुरू झालेल्या प्रागा टूल्समध्ये टर्नर होते. आता घरी लेथ नाही. एक व्हाइस, एक हातड्रिल, चार कानशी, एवढाच संसार.

पंख्यासाठी त्यांनी काकूंच्या जुन्या भगोण्याचं ॲल्युमिनियमचं झाकण घेतलं. (परवानगी नंतर घेतली.) त्यातून गोल चकती कापली आणि काठापासून आत चिरा पाडल्या, खुंटं आणि शाबूत पातं मोजून तितक्याच. आता जवळून पाहा. प्रत्येक चीर आत जिथे थांबते तिथे मोहरीएवढं गोल भोक आहे. पहिल्यांदा मला ती नक्षी वाटली. पण मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेणाऱ्या पत्र्यात चिरेचं टोक टोकदार राहिलं, तर सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि तिथून तडा पुढे सरकतो. गोल भोकात ताण पसरतो, तडा अडतो. भोकं आधी पाडलेली, चिरा नंतर त्यांच्यापर्यंत आणलेल्या. कवितेत यमकासाठी ओळ लिहिली गेली की ओळीसाठी यमक आलं, हे जाणकाराला कळतं. इथेही क्रम कळतो.

मग पात्यांना पीळ. कुठल्या बाजूला? उलटा पीळ बसला तर पंखा वारा पंपावर टाकायच्या ऐवजी वर ओढेल. याचं उत्तर त्या एकुलत्या शाबूत पात्यानं दिलं. काकांनी त्याचा तिरकेपणा लाकडाच्या चिपाटावर उतरवून घेतला आणि प्रत्येक पातं त्या चिपाटाला लावूनच वाकवलं. जुन्या पंख्याचा मधला गड्डा शाफ्टवर नेमका बसत होता, म्हणून तो ठेवला. खुंटं घासून सपाट केली आणि नवी चकती त्यावर चार स्क्रूंनी कसली.

शेवटी तोल. व्हाइसच्या जबड्यांवर दोन स्टीलच्या पट्ट्या उभ्या धरल्या, पंख्याच्या भोकात घट्ट बसणारी सळई घालून ती पट्ट्यांवर आडवी ठेवली. पंखा हळूच फिरला आणि थांबला. खाली आलेलं पातं जड. त्याला कानशीचे दोन हात. पुन्हा ठेवला, पुन्हा फिरला. तासाभरानं तो कुठेही सोडला तरी तिथेच थांबू लागला. "आता याला खाली-वर कळत नाही," काका म्हणाले. एवढं एकच वाक्य त्यांनी त्या रात्री स्वतःच्या कामाबद्दल काढलं.

दुसरी वस्तू बुश. पेडलवरून पाय काढला तरी गाडी सरपटत राहायची, कारण दांडीच्या सांध्यातला बुश झिजून तिरकी तबकडी पुरती उभी होत नव्हती. इथे पितळ दिसायला देखणं ठरलं असतं, आणि टर्नरचा हात पितळाकडेच जातो. पण काकांनी राणीगंजच्या बाजारातून नायलॉनची कांडी आणली. जुना बुश प्लॅस्टिकचाच होता. बनवणाऱ्यानं मुद्दाम मऊ ठेवला होता, म्हणजे झिजायचंच असेल तर बुशानं झिजावं, त्यात फिरणाऱ्या पिननं नाही. ड्रिलच्या चकमध्ये कांडी धरून, ती फिरत असताना कानस टेकवून, त्यांनी ती उतरवली. मग रात्रभर वाटीत पाण्यात घालून ठेवली. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. जे फुगायचं ते आधीच फुगू दे, मग भोकाचं शेवटचं माप घेऊ, असा हिशेब. पावसाळ्यात सांधा आवळला जाणार नाही, याची तजवीज उन्हाळ्यात वाटीभर पाण्यात झाली.

क्षेमेंद्रानं औचित्याला काव्याचा प्राण म्हटलं. या दुरुस्तीत मला सर्वांत जास्त तेच आवडलं. पंप उघडायचा मोह कुणालाही झाला असता. काकांनी त्याला हात लावला नाही. तिथली मापं कानशीच्या राज्यातली नाहीत, हे त्यांना माहीत होतं. खाचा ब्रशनं साफ केल्या, करपलेलं तेल काढून नवं भरलं, मागची चाकं जॅकवर उचलली, तेलाची बायपास वाट उघडी ठेवून पेडल सावकाश पुढे-मागे केलं, आत अडकलेली हवा निघेपर्यंत. मग बायपास बंद. यात कारागिरी दाखवायला जागा नव्हती, आणि त्यांनी ती शोधलीही नाही.

दोष सांगायला हवा. पंखा शिट्टी घालतो. पूर्ण वेगात एक बारीक, उंच सूर लागतो, मूळ पंख्याला तो नव्हता. पात्यांच्या कडा अजून गोल केल्या असत्या तर कदाचित गेला असता. शेजारी मात्र खूश आहेत: "आवाज आया तो समझो पंखा जिंदा है." रसिकानं दोषाला इतकं सांभाळून घेणं मला पटत नाही, पण इथे वाद घालायला मी गेलो नाही.

पैशांचा विषय निघाला तेव्हा काकांनी कांडीचे आणि तेलाचे तेवढे घेतले. झाकणाचे काकूंनी वसूल केले: आता काकांच्या घरी नवं भगोणं आहे, झाकणासकट, शेजाऱ्यांकडून.

जुन्या पंख्याचं शाबूत पातं काकांनी फेकलं नाही. गड्ड्यावरून अलगद कापून ते चिपाटासोबत खिळ्याला अडकवलं आहे. वाचकांना माझी एवढीच विनंती: घरात काही मोडलं तर मोडलेला तुकडा केराच्या डब्यात टाकू नका. नवा भाग कसा हवा, याचा नकाशा बहुतेक वेळा त्याच तुकड्यात असतो.