वतनदाराचे चरित्र आणि गावकुसाबाहेरचा वाचक

सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवरावांच्या समाधीसमोर उभा राहून मी विद्यार्थ्यांना निजामशाहीचा इतिहास सांगत होतो. एका मुलाने विचारले, “सर, या देशमुखीत आपले लोक काय करीत होते?” दहा वर्षे शिकवीत असूनही मला धड उत्तर देता आले नाही. परत आल्यावर लखुजींविषयीचे हाताशी होते तेवढे लेखन पुन्हा वाचून काढले. त्यात उत्तर नव्हते. मात्र हा प्रश्न चरित्रकाराला का पडत नाही, हे उमगले.

या लेखनाला एकाच चिंतेने पछाडले आहे : लखुजी निष्ठावान की फितूर? घटना सर्वज्ञात आहेत. सिंदखेडचे देशमुख, निजामशाहीतील मातब्बर सरदार, जिजाबाईंचे वडील. मलिक अंबर हयात असतानाच ते मोगलांना मिळाले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत ते मोगलांच्या बाजूला होते, तर जावई शहाजी अंबरच्या बाजूला. पुढे ते निजामशाहीत परतले आणि १६२९ साली दौलताबादेस दरबारात मुलानातवासह मारले गेले. चरित्रकार एक तर या पक्षबदलाचे समर्थन करतो किंवा त्यावर पांघरूण घालतो.

माझा आक्षेप या चौकटीलाच आहे. देशमुखाची खरी सत्ता दरबारात नव्हती, परगण्यात होती. सारा त्याच्यामार्फत गोळा होई, त्यात त्याचा वंशपरंपरागत हक्क असे, इनाम जमिनी आणि पदरी फौज असे. शाह्या येत-जात, प्रत्येक नव्या धन्याला साऱ्यासाठी देशमुख हवा असे. धनी बदलला तरी वतन टिकवायचे, हे या वर्गाचे राजकारण होते. त्याला निष्ठेच्या तराजूत तोलणे म्हणजे दरबाराच्या नजरेने इतिहास वाचणे होय.

इंग्लंडातही त्या शतकात पार्लमेंट जमीनदारांनीच भरलेले होते. १६४२ साली यादवी पेटली तेव्हा तेही दोन्ही बाजूंना विभागले गेले. पण १६४९ साली विन्स्टन्लीबरोबर सरे परगण्यातल्या गरिबांनी पडीक जमीन खणून पेरली, तेव्हा स्थानिक जमीनदारांनी त्यांना हुसकून लावले. राजाचा शिरच्छेद त्याच वर्षी झाला होता; जमिनीची मालकी मात्र हलली नाही. आपल्याकडे १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला, तो मला इथे आठवतो.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, लखुजी सोडा, मलिक अंबर आपला. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कर्ता होतो, १६१० साली खडकी वसवतो, तिला नहरीचे पाणी देतो. या शहराला पुढे फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर अशी नावे मिळाली. पाया त्याचा आहे. त्याची कर्तबगारी मलाही भुरळ घालते. तरी त्यालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. त्याच्या जमीनमहसुलाच्या सुधारणांची इतिहासकार वाखाणणी करतात. त्या व्यवस्थेत मिरासदाराचा हक्क पक्का झाला आणि पाटील बळकट झाला. ज्याच्याकडे मिरासच नव्हती त्याच्या पदरात काय पडले? गुलाम सत्तेवर आला म्हणजे गुलामी संपली, असा हिशेब आपण मांडू नये.

आणि हा प्रश्न स्वतःलाही विचारावा. माझे आजोबा येसकरकी करीत. बिदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्कांची सनद दिल्याची कथा ते अभिमानाने सांगत. वतनदाराची नक्कल करून आपणही वतनात प्रतिष्ठा शोधत होतो. पण देशमुखाच्या वतनाने त्याला परगणा दिला. आमच्या वतनाने भाकरीचे तुकडे आणि रात्रंदिवस राबणूक दिली. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि वतनाचा मोह सोडा, असे आपल्याच लोकांना बजावले. तो मोह सोडणे सोपे नव्हते, हे मी आजोबांच्या स्वरात ऐकले आहे.

आपले लोक कागदोपत्री मुळीच नाहीत, असेही नाही. गावच्या शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. महजरांवर बलुतेदारांच्या निशाण्या आहेत. ज्याला शिवेची खडान्खडा माहिती होती, त्याच्या नावावर त्या शिवेतली जमीन का नव्हती? लखुजींचे पुढचे चरित्र लिहिणाऱ्याने या प्रश्नापासून सुरुवात करावी. सिंदखेडला त्या मुलाला मी एवढेच म्हणालो की पुढच्या वर्षी महजर वाचायला बसू. आता तो वर्ग भरवायचा आहे.